फैजपुरात क्रूझरची पूजा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल! असा गाढवपणा अख्ख्या जळगावात माझ्याशिवाय कोणी केला असेल, असं मला तरी वाटत नाही.

मला मोटारसायकलच्या बातम्यांचं व्यसन. लोक सकाळी देवाचं नाव घेतात, मी कुठली क्रूझर कुठल्या रंगात येतेय ते बघतो. आणि एकट्याने बघून थांबलो तर मी कसला? सासरच्या ग्रुपवर रोज ढकलतो. इतका मोठा जाणकार, की आजवर चालवली फक्त बायकोची स्कूटर!

शेवटी धुळ्याच्या एका आबांकडून जुनी क्रूझर घेतली. आवाज असा, की रस्त्यातल्या म्हशींनी वळून बघावं. आबा बिचारे म्हणाले, "भाऊ, बठ्ठा बटनं दखाडी देस, दोन मिनिटं थांबा."

"आबा, मला सगळी बटणं दाखवता? मी रोज वाचतो!" म्हणालो आणि किल्ली फिरवून निघालो.

थेट फैजपूर, सासुरवाडी. तिथे माझी परीक्षा होती. मेहुण्याला, म्हणजे पंकजला, गाडी घ्यायची होती आणि माझे सासरे नाना म्हणाले होते, "जवाईबापूंची गाडी पाहू, मंग त्याहीच्याच सल्ल्यानं घेऊ." अहो, त्या घरात माझा सल्ला आजवर भाजी घेतानासुद्धा कोणी विचारला नव्हता!

गाडी दारात लावली. सासूबाईंनी टाकीला, आरशांना, हँडलवरच्या एकेका बटणाला अगदी मनापासून हळदकुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. गल्ली जमली. मी गॉगल चढवून बसलो आणि स्टार्टर दाबला.

दिवे लागले, पण इंजिन ढिम्म!

"काय झालं?" नाना.

"इंजेक्टर," मी म्हणालो. थोड्या वेळाने "सेन्सर". मग "फ्युएल पंप". जेवढे शब्द तोंडपाठ होते, तेवढे सगळे त्या गाडीवर खर्च केले.

"जवाईबापू, मी काय म्हनते..." सासूबाई पुढे आल्या.

"आई, हे टेक्निकल आहे. तुम्ही चहाचं बघा."

मग ढकलून पाहिली. लिंबं फुटली, गाडी काही बोलेना. शेवटी शेजाऱ्यांचा केळीचा टेम्पो मागवला, भुसावळच्या गॅरेजला न्यायला. अर्ध्या गल्लीने घाम गाळत ते धूड वर चढवलं.

"अहो, पन..."

"आई, प्लीज!"

दोऱ्या बांधून झाल्या. तेवढ्यात सासूबाई पदर खोचून सरळ टेम्पोत चढल्या आणि हँडलवरचं लाल बटण त्यांनी बोटाने वर केलं. "आता दाब रे, पंकज. कुंकू लावताना ह्ये खाली गेलं व्हतं. कव्हाची सांगू राह्यले!"

पंकजने स्टार्टर दाबला. धडधड धडधड! टेम्पोसकट गल्ली हादरली.

"लाल बटन खाली, त इंजिन बंद," सासूबाई उतरता उतरता म्हणाल्या. "तुम्हीच त धाडलं व्हतं ग्रुपवर!"

धाडलं होतं हो. मी स्वतः वाचलं कुठे होतं?

नाना शांतपणे म्हणाले, "पंकज, गाडी पाहाले जाशीन त आईले संगं घेऊन जाय. आन चहाचं जवाईबापू बघतीन."

गेलो मुकाट स्वयंपाकघरात. भांडं ठेवलं, लायटर मारमार मारला, पण गॅस काही पेटेना. दारातून आवाज आला, "जवाईबापू, मी काय म्हनते, सिलिंडरचं बटन चालू केलं का?"