खिंडीतून दिसतं का घर

रिटायर होऊन घनसावंगीला घरी बसलो, तरी संक्रांतीनंतरचा रविवार मी कुणाला देत नाही. लग्न असो, बारसं असो, माझी हजेरी लागणार नाही. त्या दिवशी आमच्या फौजेतल्या जुन्या सेक्शनचे लोक पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात जमतात. हे गाव नायक कैलासचं. लेहकडच्या पोस्टवर बुखारीभोवती, रॉकेलच्या शेगडीभोवती, शेकत बसून तो आम्हाला आवतण द्यायचा. तलावाला वळसा घालू, खिंड चढू, मंग शेतात हुरडा. त्याच्यासोबत ते जमलं नाही. एका गस्तीवर बर्फाचा कडा सुटला आणि कैलास त्याखाली गेला. तिरंग्यातली पेटी घेऊन मी या गावात पहिल्यांदा आलो. तेव्हापासून दर हिवाळ्यात येतो.

सुरुवातीला आम्ही चार-पाच जण चालायचो. आता निम्मं गाव येतं. हलगी असते, तिळगूळ असतो, पोरी नव्या साड्या नेसून सेल्फी काढतात. फॉल-इन सकाळी सहाला सांगितलेला असतो आणि सातपर्यंत अर्धे लोक चहाच पीत असतात. सिव्हिलियन माणसाला एका रांगेत चालवणं म्हणजे कोंबड्या राखणं आहे. मी ओरडतो, ते हसतात.

या वर्षी आदल्या संध्याकाळी कैलासची आई, आक्का, चुलीपाशी बसून मला म्हणाली की उद्या ती पण खिंडीपर्यंत येणार. मी गुडघ्यांची आठवण करून दिली. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

"कैलास सुट्टी संपली की त्या खिंडीतून पलीकडं मोटारीला जायचा," ती म्हणाली. "वर पोचला की मागं वळायचा. मी इथून ओट्यावरनं पदर हलवायची. तो मला ठिपक्याएवढा दिसायचा. पण त्याला मी दिसत व्हते का? तेवढं मला बघायचंय."

आम्हाला कुणालाही हे सांगता यायला हवं होतं. दर वर्षी वर जातो. पण खरं सांगू, वर गेल्यावर या घराकडं बघायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. आणि आक्काला दुसऱ्याच्या तोंडचं नको होतं.

सकाळी कॉलम निघाला. पुढं मी, मध्ये आक्का, शेवटी हवालदार सलीम. सलीम आमचा सिग्नलवाला, आता जुन्या जालन्यात त्याचं खेळण्यांचं दुकान आहे. डोंगरात मोबाइलला रेंज नसते म्हणून त्यानं दुकानातले दोन वॉकी-टॉकी आणले होते. एक स्वतःकडं, दुसरा खाली घरी राहिलेल्या मंगलकडं. मंगल म्हणजे कैलासची बायको. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा तो गेला. तिला सलीमनं बोलणं झाल्यावर "ओव्हर" म्हणायला शिकवलं होतं, आणि ती दर वेळी लाजून म्हणत होती.

तलावावर धुकं होतं, पण पाण्यालगतच. काठाची हरभऱ्याची रानं दवानं भिजली होती. आक्का काठी टेकत बराबर चालत होती. थांबूया का विचारलं तर म्हणाली, तुम्हीच दमले दिसता सुभेदार.

मग तो घोळ झाला. कड्याखालच्या वळणावर गावातल्या उत्साही मंडळींनी फौजींच्या स्वागताला फटाक्यांची माळ लावली. मानच करायला गेले बिचारे. पण वर कड्याला आग्या मोहोळ होतं. माळ संपायच्या आत माशा उठल्या.

"बैठ जाओ! कोई भागेगा नहीं! सर ढको!"

आवाज माझा होता, पण इतक्या वर्षांनी तो असा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. आणि काय सांगू, ज्या लोकांना मी रांगेत चालवू शकत नव्हतो, ते सगळे एका झटक्यात खाली बसले. सलीम धावत आला आणि आक्कावर घोंगडी टाकून स्वतः तिच्यावर ओणवा झाला. त्याची पाठ, मान, कान, सगळं डंखांनी भरलं. खालून मंगलचा आवाज येत होता.

"काय झालं? आत्याबाई कुठंयत? ओव्हर."

"सेफ आहेत. आता मध्ये बोलू नको. आऊट," सलीम दात आवळून म्हणाला.

माशा निवळल्यावर मी सगळ्यांना तपासलं. सुजलेले चेहरे खूप, पण कुणाच्या जिवाला धोका नाही. आक्काचा एक गाल फुगला होता आणि डोळा अर्धा मिटला होता. मी कॉलमला मागं फिरायची ऑर्डर दिली. लीडरनं हेच करायचं असतं.

"तुम्ही जा," आक्का म्हणाली. "मी पुढं चालून राह्यले."

आणि निघाली की! मी आयुष्यात मोठ्या-मोठ्या साहेबांपुढं अडून बसलोय, पण त्या बाईपुढं माझं काही चाललं नाही. जखमींना खाली पाठवलं. सलीम जखमीच होता, तो गेला नाही. आम्ही तिघं वर पोचलो तेव्हा ऊन आलं होतं आणि पाणी धुक्यातून मोकळं झालं होतं.

मी दुर्बीण पुढं केली. आक्कानं ती बाजूला सारली. "त्याच्याकडं कुठं व्हती दुर्बीण?"

सलीमनं मंगलला ओट्यावर जाऊन पदर हलवायला सांगितलं. आक्कानं कपाळावर हात धरला. तलावापलीकडं, पत्र्याच्या घरांच्या रांगेत, एक लाल ठिपका हलला.

"दिसतंय," आक्का म्हणाली. "दिसतंय रे. म्हंजे मी दिसत व्हते त्याला." ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी हसली. मला रडू आलं, ते मी माशीच्या डंखावर ढकललं.

तेवढ्यात वॉकी-टॉकी वाजला. मंगल होती.

"आत्याबाई, तुम्ही ओट्यावर राह्यच्या. मी नवी नवरी, आत चौकटीच्या मागं उभी राह्यची. मी दिसत आसन का ह्यांना?" मग हळूच, "ओव्हर."

आक्का पुन्हा उठली. "तिथंच जाऊन उभी राहा बरं."

लाल ठिपका आत गेला. मी दुर्बीण लावली. दाराचा काळा चौकोन होता, बाकी काही नव्हतं. सलीमनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आक्का त्या एका डोळ्यानं बघत राहिली. मग सलीमच्या हातातला वॉकी-टॉकी तिनं तोंडाशी नेला.

"दिसती गं. बिलकुल साफ दिसती. पदर सरकलाय बघ तुझा, नीट घे."

थोड्या वेळानं खालून आवाज आला. "घेतला, आत्याबाई."

आमच्या सेक्शनमध्ये कैलासची नजर सगळ्यात तेज होती. पोस्टवर समोरच्या कड्याला काही हललं की दुर्बिणीवाल्याच्या आधी तो सांगायचा. त्याला ती दिसत असणार. मी दुर्बीण केसमध्ये ठेवली आणि आक्काला उतरायला हात दिला.