शिवणवर्गाची खोली

डॉक्टर वत्सलाबाई गेल्याची बातमी मला अमरावतीला, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत कळली. शोकसभेसाठी अकोल्याला गेले. जायला नको होतं. ज्या धर्मादाय दवाखान्यात बाईंनी उभी हयात घालवली, त्याच्या समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब वकील व्यासपीठावर डोळे टिपत म्हणाले, "त्या वऱ्हाडच्या मुलींची माउली होत्या." मी पदर तोंडावर दाबून धरला. शेजारी बसलेलीनं पाणी दिलं. तिला वाटलं, दुःख अनावर झालंय. दुःख होतंच, पण त्याच्यावर किळसेचा जाड थर बसला होता.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराला मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. नववीतली सुशीला, पातूरकडच्या कास्तकाराची मुलगी, मावशीकडे राहून शिकायची. दर महिन्याला ती गैरहजर राहायची आणि परत यायची ती पांढरीफटक होऊन. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाळी आली की थांबतच नाही... तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिथली रीत अशी, की व्हरांड्यातच आया प्रत्येकीला नाव, बापाचं नाव आणि तक्रार मोठ्यानं विचारणार. "लगन झालं का तुयं?" सुशीलेनं नकारार्थी मान हलवली. "नाई? मंग इथं कायले आली वं?" बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घरी वयात आलेल्या मुली असलेल्या बायका! त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. तेवढ्यात वत्सलाबाई बाहेर आल्या आणि सरळ सुशीलेशेजारी बाकावर बसल्या. "काहून घाबरून राहिली वं? चाल आतमंदी, आपण दोघीच बोलू."

त्यातूनच शनिवारचा शिवणवर्ग निघाला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, बाईंच्या स्वतःच्या मशीनवर. झंपर बेतायला मी शिकवायचे, आणि वाईटच शिकवायचे. एकेक मुलगी उठून पडद्यामागे बाईंकडे जाऊन यायची. घरी काही सांगणार नाही, हा शब्द बाई आधी द्यायच्या, मग विचारायच्या. कुणाला पाळी म्हणजे आपल्याला झालेला मोठा रोग वाटत होता, कुणी महिनोन् महिने खाज आणि आग सोसत होती. एकीचं मी इथं लिहीत नाही. तिच्या घरचे शोकसभेत पहिल्या रांगेत बसले होते.

सुशीलेच्या गालांवर हळूहळू रंग येऊ लागला होता. अशात भाऊसाहेबांना वर्गाचं खरं कारण कळलं. मला वाटलं, बंद करतील. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्यांना अभिमान वाटला. उद्घाटन ठरलं, हारतुरे आले, 'कुमारिका स्त्रीरोग तपासणी केंद्र' अशी हातभर अक्षरांची पाटी रंगली. "भाऊसाहेब, पाटी नको," बाई हात जोडून म्हणाल्या. "कुणाला माहीत नाही, म्हणूनच मुली येतात." भाऊसाहेब हसले. "अहो, चांगलं काम लपवाचं काहून?" मुलींना पाटीखाली ओळीनं उभं करून फोटो काढला आणि तो गावच्या साप्ताहिकात छापून आणला. सुशीला मधोमध होती.

पुढच्या शनिवारी एकही मुलगी आली नाही. सुशीलेला बापानं शाळेतून काढून गावी नेलं, औषध अर्धं राहिलं. बाई आणि मी बैलगाडी करून तिथं गेलो, तर त्यानं दारातच अडवलं. "आमच्या पोरीले काई नाई झालं. तुमीच तिले बदनाम केलं." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. भाऊसाहेबांनी तो फोटो चौकटीत घालून कचेरीत लावला. अजून तिथंच आहे, आणि त्याच्याखाली बसून ते पान खातात.

बाई त्यानंतर कुठल्या सभेत बोलल्या नाहीत. मशीन उचलून आपल्या घरी नेलं आणि शनिवारची दुपार राखून ठेवली. पोरी पुन्हा यायला फार काळ लागला, पण आल्या.

शोकसभेनंतर चहा-चिवडा सुरू झाला, तेव्हा मी तिथून उठले. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन बाईंची खोली उघडली. मशीनवर चादर होती. दोन खुर्च्या होत्या तशाच होत्या. दाराजवळची मुलीची, भिंतीजवळची बाईंची. "नकोसं वाटलं तर पोरीले उठून जाता आलं पायजे," असं त्या म्हणायच्या. मी भिंतीजवळ बसले... दार उघडंच होतं.

थोड्या वेळानं दारात एक मुलगी आली. पंधराएक वर्षांची, छातीशी घडी केलेलं छिटाचं कापड. "शिवण शिकाले आली जी. बाई हायेत का?"

मी म्हणाले, बस. ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. मग तिला सांगितलं. ती रडली नाही. कापडाची घडी मोडली, परत घातली.

"मंग आता मी कोठी जाऊ?"

अकोल्यातले, अमरावतीतले सगळे दवाखाने मला माहीत आहेत. सगळीकडे आधी व्हरांड्यातच नाव आणि बापाचं नाव मोठ्यानं विचारतात.