दवाखान्याची गादी

चिमूरच्या बाजाररस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि बरोबर समोर कमरुद्दीनभाऊंचं गादीचं. पुढच्या बाजूला कापूस पिंजायची मशीन, मागे एक खोली, आणि त्या खोलीत खैरुनबाई. वरोऱ्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, आता पन्नाशी ओलांडली आहे. भाऊ कापूस पिंजायचे, बाई खोळी शिवायच्या आणि भरलेल्या गादीला टाके घालायच्या. गिऱ्हाइकाशी बोलणं हे भाऊंचं काम. वीस वर्षं समोर बसूनही बाईंचा आवाज मला धड ठाऊक नव्हता.

मग नागपूरहून फोमच्या गाद्या येऊ लागल्या. लग्नात मुलीला द्यायची गादीसुद्धा लोक प्लास्टिकच्या वेष्टनातली मागायला लागले. लग्नसराईत दिवसभर घरघरणारी मशीन आठवड्यातून एकदा सुरू व्हायची. कमरुद्दीनभाऊंनी यावर आपल्या परीनं उपाय केला. चमकणाऱ्या कापडाच्या खोळी आणल्या, पाटीवर 'शाही' हा शब्द रंगवून घेतला, ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवला. लोक दुकानात आले, कापडावरून हात फिरवला आणि गेले.

शेवटी भाऊ खेड्यांत जाऊन जुन्या गाद्या नव्यानं भरायला आणू लागले. गाद्या घराच्या आतल्या खोलीत असतात, तिथं बायामाणसांतून परक्या पुरुषाला जाता येत नाही, म्हणून बाई सोबत निघाल्या. आत गेल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. लग्नातल्या गाद्या पेटीवर चळत लावून ठेवलेल्या होत्या, वरून चादर झाकलेली. घरातली माणसं खाली गोधडीवर झोपत होती. गादी पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुणे वर्षातून दोनदा येत.

"आपण झोपायची गादी विकतो असं समजत होतो," बाईंनी मला पुढे एकदा सांगितलं. "लोक ठेवायची गादी घेत होते. ठेवायचीच असंल तर फोमची दिसाले चांगली."

मग लोक झोपतात कुठं, हे त्या बघू लागल्या. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या की पुरुष शेतातल्या मचाणावर जागलीला जातात, रानडुकरं हाकलायला. मचाणावर लाकडाच्या फळ्या, वर एखादं पोतं. बाईंच्या डोक्यात आलं, की इथं गादी पाहिजे. पातळ, गुंडाळून खांद्यावर नेता येईल अशी. त्यांनी सतरा घरी विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, हो बाई, लई चांगलं होईल. बाईंनी बारा गाद्या शिवल्या. दोन गेल्या.

उरलेल्यांतली एक त्यांनी लटारूभाऊंना वापरायला दिली. लटारूभाऊ म्हणजे नेरीकडच्या एका गावचे धानाचे शेतकरी. अबोल आणि भिडस्त माणूस. महिनाभरानं बाई आणि कमरुद्दीनभाऊ त्यांच्याकडे गेले तेव्हा लटारूभाऊ अंगणात विळ्याला धार लावत होते.

"भाऊ, गादी कशी वाटली?"

"चांगली हाय."

"मंग मचाणावर पोतंच काऊन दिसलं मले? आत्ताच वावरातून आलो आमी."

लटारूभाऊंनी विळा खाली ठेवला. "बाई, राग नोका मानू. तुमच्या गादीवर झोप लागते."

"मंग?"

"जागलीले झोप नाई पाह्यजे ना. पह्यल्याच दिवशी डोळा लागला अन् डुकरांनी अर्ध्या बांधीतलं धान लोळवलं. फळी टोचते म्हणून तं माणूस जागते."

हे ऐकून कमरुद्दीनभाऊ तिथल्या तिथं हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. सतरा घरी आपण काय विचारलं ते त्यांना आठवत होतं. गादी आवडेल का, असं विचारलं होतं. दारात आलेल्या बाईला कोण नाही म्हणणार?

त्यांनी गादी परत मागितली, तेव्हा कळलं की ती घरात नव्हतीच. लटारूभाऊंची बायको गुणाबाई ती घेऊन चंद्रपूरला गेली होती. त्यांची मुलगी रंजीता बाळंतपणाला माहेरी आलेली, तिचा बीपी वाढला म्हणून तिला तिकडच्या दवाखान्यात भरती केलं होतं.

पंधरा दिवसांनी गुणाबाई दुकानात आल्या. मी तेव्हा सुट्टे मागायला समोर गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर घडलं. त्यांनी पिशवीतून गादी काढली. ती लांबीत उभी कापलेली होती. अर्धी गादी, आणि कापलेल्या कडेला घरगुती हातानं घातलेले मोठे मोठे टाके.

कमरुद्दीनभाऊ मशीनवरून उठले. "काट डाली? बाई, नवी गादी होती! पाच दिवसांचं काम हाय हे!"

"भाऊ, चुकलं माहं. भरून देतो मी." गुणाबाईंचा चेहरा उतरला.

"आपण जरा चूप बसा जी," खैरुनबाई नवऱ्याला म्हणाल्या. तो स्वर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी गुणाबाईंना खाली बसवलं, पाणी दिलं. "रंजीता कशी हाय?"

"बरी हाय. पोरगी झाली."

"गादी काऊन कापली, ते सांगा. रागावत नाई मी."

गुणाबाईंनी हातांनी जागा दाखवत सांगितलं. पेशंटसोबतच्या बाईला दोन पलंगांच्या मधे खाली झोपावं लागे. गादी रुंद, तिथं मावत नव्हती. एक बाजू पलंगाच्या लोखंडी पायावर चढे. शेजारच्या पेशंटच्या बाईकडून कात्री घेतली आणि कापली. उरलेली अर्धी त्याच बाईला देऊन टाकली. तिच्याकडे काहीच नव्हतं, ती तीन दिवस पेपर अंथरून झोपत होती.

"अन् सकाळी फरशी पुसाले येतात. पटकन उचला म्हणतात. खालून वली झाली की दिवसभर वास मारते."

खैरुनबाईंनी त्या अर्ध्या गादीला वीत लावली, मग टेप लावला. दोन फूट, एक इंच कमी.

दुसऱ्याच आठवड्यात त्या एसटीनं एकट्या चंद्रपूरला गेल्या. भेटायच्या वेळेत दवाखान्यात शिरल्या आणि दुपारभर व्हरांड्यात बसून राहिल्या. कोणाला काही विकलं नाही, गादी आवडेल का असंही विचारलं नाही. काल तुम्ही कुठं झोपलात, अंगाखाली काय होतं, उशाला काय घेतलं, एवढंच त्या विचारत होत्या. बहुतेक बाया चपला आणि पेशंटचे कागद पिशवीत घालून उशाला घेत. कागद हरवले तर डॉक्टर रागावतात आणि चपला चोरीला जातात.

त्यानंतरची गादी रुंदीला बरोबर त्या अर्ध्या गादीच्या मापाची होती. दीड इंच जाड, खालून ताडपत्री, वरची खोळ धुवायला निघणारी, उशाच्या बाजूला शिवलेला खिसा. खांद्यावर घ्यायला पट्टा. मळ दिसू नये म्हणून खोळ गडद चॉकलेटी. भाऊंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि पट्टा खांद्याला लावून बघितला.

सहा जणींना अशा गाद्या फुकट वापरायला दिल्या. त्या दवाखान्यातून परतल्यावर बाई एकेकीसमोर बसल्या. रंग चुकला होता. एक म्हातारी म्हणाली, "मळ दिसला नाई तं धुणार काय? दवाखान्यातून घरी नेतो, काय चिकटून आलं ते दिसलं पाह्यजे." पुढच्या खोळी फिकट पिवळ्या झाल्या.

गादी चांगली झाली होती, तरी खपत नव्हती. आजारपणासाठी आधीच गादी घेऊन ठेवणं म्हणजे अवदसा घरात बोलावणं. आणि खरंच कोणाला न्यायची वेळ आली, की माणसं धावतपळत निघतात, गादीच्या दुकानात कोण जातं? भाऊ म्हणायचे, "नाव बदल. 'प्रवासी गादी' म्हण." बाईंनी नाव बदललं नाही. लोक तिला दवाखान्याची गादी म्हणत होते, तेच राहू दिलं.

वाट सुचवली ती लटारूभाऊंच्या गावच्या आशा-कार्यकर्ती ताईंनी. ज्योत्स्ना त्यांचं नाव. गरोदर बायांना दवाखान्यात त्याच घेऊन जात. त्या म्हणाल्या, एका घरानं घ्यायचीच कशाला? गावानं घ्यावी. बचत गटानं चार गाद्या घेतल्या आणि ज्योत्स्नाताईंच्या घरी ठेवल्या. ज्याला लागेल तो नेतो, परत आल्यावर खोळ धुऊन देतो. अवदसेचा प्रश्न मिटला, कारण गादी कोणाच्याच घरची नव्हती. वर्षभरात एकवीस गावांच्या गटांनी गाद्या नेल्या.

नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं तशीच गादी फोमची काढली, चकचकीत, खोळ न निघणारी. काही दिवस ती बसस्टँडवर दिसायची. एक गट ती घेऊन गेला आणि खोळ धुता येईना म्हणून पुढच्या वर्षी खैरुनबाईंकडे आला. बाईंनी त्यांना काही ऐकवलं नाही. आपल्या गादीचा पट्टा तुटतो अशी तक्रार बाईंकडेही तेव्हा येत होती आणि ती दूर करायला त्यांना बरेच महिने लागले.

मशीन आता आठवड्यातून चार दिवस चालते. कमरुद्दीनभाऊ गिऱ्हाइकाशी अजून तेच बोलतात, पण माप विचारायची वेळ आली की मागे वळून हाक मारतात, आणि बाई बाहेर येतात.

गेल्या उन्हाळ्यात पोंभुर्ण्याकडच्या एका गटाचा फोन आला. तेंदूपानाच्या हंगामात बाया दिवसभर जमिनीवर बसून पानांचे पुडे बांधतात, त्यांना बसायला लहान गाद्या हव्या होत्या. साठ नग. भाऊंनी त्याच दिवशी कापूस मागवला. बाई म्हणाल्या, "आधी पाहून येतो."

त्या गेल्या आणि सकाळभर त्या बायांमध्ये बसून पुडे बांधले. सावली सरकते तशा बाया दर अर्ध्या तासानं जागा बदलतात. पाय कधी पसरतात, कधी एक गुडघा वर घेतात. गादी प्रत्येक वेळी उचलावी लागली असती, आणि लाल मुंग्या तिच्याखाली शिरल्या असत्या.

"तुमाले गादी नोको बाई," त्यांनी गटाच्या अध्यक्षीणबाईंना सांगितलं. "पोतं बरं हाय. झटकता येते."

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा भाऊ दारातच उभे होते. "किती सांगतल्या?"

"एकबी नाई."

भाऊंनी दुकानात येऊन पडलेल्या कापसाच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. बाई पायावरची धूळ झटकत आत गेल्या, चहा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी भिसी गावच्या बचत गटाच्या चार गाद्या भरायला घ्यायच्या आहेत, याची त्यांना आठवण करून दिली.