ॲसिडच्या होजचा क्लॅम्प

सत्तरच्या दशकात मी रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला होतो. टँकरमधलं ॲसिड पंपानं, रबरी होजमधून टाकीत चढवायचं, आणि तो होज लोखंडी पाइपाच्या तोंडावर पत्र्याच्या पट्टीनं आवळायचा. फिटर लोक रबर फुगून बाहेर येईस्तोवर पट्टी पिळायचे. मी खेकसायचो, "अरे गाढवांनो, रबर कापताय तुम्ही, धरत नाही!" माझं डोकं तसंही लवकर फिरायचं. एकदा पट्टीनं होज खरंच कापला आणि एका कामगाराची पाठ भाजली. त्याचा शर्ट अंगावरच विरघळताना मी पाहिला. त्यानंतर होजमधून नुसती हवा फुसकली तरी मला धडकी भरायची.

म्हणून मी स्वतःच क्लॅम्प करायला घेतला. दोन अर्धगोल तुकडे, दोन्ही बाजूंना बोल्ट, आतल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे रबर कापणार नाही आणि दाब सगळीकडून सारखा बसेल. आठवडाभर पाण्याचा दाब देऊन तपासला, जागचा हलला नाही. होज कुठवर चढवायचा ते कळावं म्हणून पाइपावर पांढरी रेघ मारली.

त्या होजवर माझा मेहुणा कामाला होता. कडाव गावाहून मीच त्याला नोकरीला आणलेला. बायको रोज डबा देताना म्हणायची, "माझा येकच भाऊ हाय. त्याला काय झालं तर आईला कसं तोंड दाखवू?" मी म्हणायचो, "माझा क्लॅम्प आहे गं तिथं!"

खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून पुजायला मांडायची आमची पद्धत. त्या वर्षी मी माझा क्लॅम्पही मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. हौस दांडगी! होज उतरवलेलाच होता, तेव्हा पाइपाचं तोंडही चकचकीत दिसावं म्हणून तेलाच्या फडक्यानं मीच पुसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर आला. मेहुण्यानं होज चढवला, मी बोल्ट आवळले, पंप सुरू झाला. दहा पावलं गेलो नसेन, वळून पाहिलं तर पांढरी रेघ आणि होज यांच्यामध्ये बोटभर लोखंड उघडं पडलेलं. क्लॅम्पनं रबर घट्ट धरलं होतं, पण रबरच पाइपावरून घसरत होतं. तेल! मेहुणा होजवर हात ठेवून वाकलेला. ओरडलो तर दचकून होज ओढेल, नाही ओरडलो तर... पाय उचलेनात. आई गं, इतका भ्यायलो की आजही सांगायला लाज वाटते. मग कसाबसा धावलो, पंप बंद केला, टँकरचा व्हॉल्व्ह फिरवला आणि त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं. दोघंही पडलो. तेवढ्यात होज निसटला आणि आत उरलेलं ॲसिड तो उभा होता तिथंच सांडलं. फरशीवर फेस आला, धूर निघाला.

त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर डोळ्यांवर काहीच नाही, आणि मी त्याच्या अंगावर गेलो. "नालायका, गॉगल कुठाय तुझा?"

तो अजून त्या धुराकडेच बघत होता.

"खिशात हाय, भावजी. पट्टी व्हती तवा रोज घालायचो. आता तुमचा क्लॅम्प हाय म्हणून काढून ठिवला."