रिठीवरचा चौकोन

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. नागपूरला बी.ए. करताना एका जाड पुस्तकात मला प्राचीन ग्रीसमधल्या घागरीचं चित्र दिसलं. तिच्यावर पाणी भरायला जमलेल्या बाया रंगवल्या होत्या. एकीने रिकामी घागर डोक्यावर आडवी धरली होती, आमच्या तलावावर जाणाऱ्या बाया धरत तशीच. या बाया कशा राहत, काय रांधत, हे मला जमीन खणून शोधायचं होतं. एका मिशनरी पाद्र्याकडे मी ग्रीक शिकू लागले. पण उत्खननावर मुलीला कुणी घेईना. "अनुभव आहे का?" एवढंच विचारत.

तो मी गावीच मिळवायचा ठरवला. आमचं गाव सडक अर्जुनीजवळ, घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. शेतालगत रिठी होती, म्हणजे कधीकाळी उजाड झालेल्या वस्तीची जागा. उन्हाळ्यात बाबांकडे मी तिचा एक कोपरा मागितला.

"कायले पाहिजे?"

"खणायला शिकायचंय."

"नांगर लागायच्या आधी बुजवून देजो."

चौकोन आखून मी खुरप्याने माती थराथराने काढू लागले. राख, खापरं, पुन्हा राख, खाली पिवळी माती. प्रत्येक थर कागदावर उतरवत होते. गावात मात्र बोभाटा झाला. काका बांधावर येऊन म्हणाले, "हंडा भेटला का पोरी?"

"सोनं नाही काका, राख पाहून राहिली मी."

"राख पाहाले नागपूरले शिकली का?"

एका सकाळी पाहते तर धनाच्या आशेने कुणीतरी खड्डा पहारीने उकरलेला. सगळे थर कालवले गेले होते; कोणता आधीचा, कोणता नंतरचा, आता कळणार नव्हतं. 

आई म्हणाली, "सोड आता."

मी शेजारी दुसरा चौकोन आखला. त्या दिवसापासून बाबा बाज घेऊन रिठीवरच झोपायला जाऊ लागले. कुणी हसलं की म्हणत, "पोरगी काम करून राहिली."

या दुसऱ्या चौकोनातल्या थरांचं रेखाटन पाहूनच नागपूरच्या एका प्राध्यापकांनी ग्रीसमधल्या उत्खननासाठी माझी शिफारस केली. पुढे मी तिथल्या एका टेकडीवर पोचले. मला आधी खापरं धुवायला बसवलं. दिवसभर धुतली. संध्याकाळी उत्खननाच्या प्रमुखांकडे जाऊन पाद्र्याने शिकवलेल्या ग्रीकमध्ये खणायला जागा मागितली. ती भाषा इतकी जुनी, की मजूर खो खो हसले. मी वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेकडीचा उत्तरेकडचा उतार माझ्याकडे आला.