वामुरनची हिल्डा डोंगरावर

ग्लेनिस पुकालस लग्नाला उभी राहिली तेव्हा तिच्या शाळेतल्या वर्गमैत्रिणी नातवंडं सांभाळत होत्या. ब्रिस्बेनजवळच्या वामुरन गावात आधी कुणाला ते खरंच वाटेना. जन्मभर तिनं धाकट्या बहिणीबरोबर, कोरलबरोबर, वडिलांचा स्ट्रॉबेरीचा मळा चालवला होता. ब्रिस्बेनच्या जत्रेत स्ट्रॉबेरी-आइस्क्रीमच्या गाड्यामागे ती दर ऑगस्टला उभी असायची, आणि तिथेच सिल्व्हियो टोनारेल्ली नावाचा एक विधुर सफरचंदवाला पुन्हा पुन्हा आइस्क्रीम घ्यायला येऊ लागला. डोंगरावरच्या स्टॅन्थॉर्पचा माणूस. चौथ्या वेळी कोरल म्हणाली, "ताई, या माणसाला आइस्क्रीम आवडत नाही गं. बघ, कप तसाच कचऱ्यात टाकतोय."

लग्न झालं आणि ग्लेनिस डोंगरावर गेली. जाताना गाडीच्या मागच्या सीटवर कपड्यांच्या बॅगेऐवजी रोपांच्या दोन पेट्या होत्या. वडिलांनी तरुणपणी हजारो रोपांतून निवडून काढलेलं ते वाण. त्याला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं, हिल्डा. वामुरनच्या उबदार हिवाळ्यात हिल्डा जूनपासून लागायची ती सप्टेंबरपर्यंत थांबायची नाही. फळ मऊ, रसाळ, दूरच्या बाजारात नेलं तर वाटेतच चेपायचं; पण खाणारा डोळे मिटून घ्यायचा. ग्लेनिसच्या मते जगात दुसरी स्ट्रॉबेरीच नव्हती.

स्टॅन्थॉर्पच्या घरात नवऱ्याबरोबर सासूही होती. साठीच्या उंबरठ्यावर आपल्याला सासू मिळेल हे ग्लेनिसच्या स्वप्नातही नव्हतं. एर्सिलिया पंच्याऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. सुनेनं दगडाळ, रेताड मातीत गादीवाफे ओढले, काळा कागद अंथरला आणि वामुरनच्या हिशेबानं एप्रिलमध्ये रोपं लावली, तेव्हा ती खुर्ची टाकून बघत बसली.

"मुली, इथं जूनमध्ये बादलीतलं पाणी गोठतं," ती म्हणाली.

"माझी रोपं दणकट आहेत, मम्मा."

"असतील. मीही होते. तरी पायमोजे घालते."

हिल्डाला फुलं आली ती नेमकी कडाक्याच्या थंडीत. एका सकाळी दव गोठून गवत पांढरंफेक झालं होतं आणि प्रत्येक फुलाच्या मधला पिवळा गोंडा काळा पडला होता. ग्लेनिस वाफ्यांमधून फिरली, एकेक फूल उलटून पाहिलं आणि घरात आली. सिल्व्हियोनं कॉफी ओतून दिली.

वसंतात रोपांनी पुन्हा डोकं वर काढलं. थोडी फळं आली, लहान पण रंगानं गडद. ग्लेनिसला हुरूप आला. मग डिसेंबरचा उन्हाळा उजाडला, दिवस लांबले, आणि हिल्डानं फळ देणं बंदच करून टाकलं. त्याऐवजी पानं फुटली, आणि पानांखालून लांबच लांब दोऱ्यासारख्या फुटी निघाल्या. दर दोऱ्याच्या टोकाला एक पिल्लू रोप. बघता बघता वाफे, चर, पायवाट सगळं हिरवं होऊन गेलं.

एर्सिलिया म्हणाली, "हिला नवरा नको, फळ नको, नुसती पोरं हवीत."

शेजारचा मळेवाला भेटला तेव्हा त्यानं उलगडा केला. "तुमची ही जात लहान दिवसाची आहे, बाई. खाली हिवाळ्यात दिवस लहान, ऊन कोवळं, म्हणून तिथं फळते. आमच्याकडे हिवाळ्यात दव गोठतं, आणि उन्हाळ्यात दिवस मोठा. मोठा दिवस दिसला की ती पोरं काढत सुटते. आम्ही दिवसाकडे न बघणाऱ्या जाती लावतो. उन्हाळाभर फळतात. देऊ का थोडी रोपं?"

"नको," ग्लेनिस म्हणाली, आणि घरी येऊन रागारागानं ते दोरे कापायला बसली.

दोन वाफे कापून झाले तेवढ्यात कोरलचा फोन आला. वामुरनला यंदा पंचाईत होती. खालच्या उष्ण रानात वाढवलेली रोपं मरतुकडी निघाली होती. पीक उशिरा आलं, तोवर बाजार दुसऱ्यांच्या मालानं भरून गेला होता. "आपल्या हिल्डाची धड रोपं कुठं मिळतच नाहीत गं," कोरल म्हणाली.

ग्लेनिसनं हातातली कात्री खाली ठेवली. "मी आत्ता त्यांच्यातच बसलेय," ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंत."

त्यानंतर तिनं एकही दोरा कापला नाही. पिल्लांना मुळं धरू दिली, तणाशी भांडली, पाणी द्यायला चुकली नाही. मार्चअखेर रात्री गार पडू लागल्या आणि रोपांचे बुंधे जाड झाले. सिल्व्हियोनं फावड्यानं उपसायचं, एर्सिलियानं खुर्चीत बसून जुनी पानं खुडायची, ग्लेनिसनं मुळं झटकून जुड्या बांधायच्या, असं चाललं. म्हातारीचा हात दोघांपेक्षा भरभर चालायचा आणि ते ती सांगितल्याशिवाय राहत नसे. ओल्या गोणपाटात गुंडाळून सगळा माल सिल्व्हियोच्या ट्रकमधून खाली गेला.

थंडी खाल्लेली ती रोपं वामुरनच्या मातीत अशी उठली, की कोरलला आधी खरं वाटेना. मे संपायच्या आत पहिली पेटी भरली. फळ तसंच, मऊ आणि मधाळ. कोरलनं फोन केला तेव्हा आधी नुसता चघळल्याचा आवाज ऐकू येत राहिला.

पुढच्या वसंतात ग्लेनिस आपण होऊन शेजाऱ्याकडे गेली आणि त्याच्या जातीची रोपं घेऊन आली. हिल्डाचे वाफे तिनं मागे रोपांसाठी ठेवले, पुढच्या वाफ्यांवर ही नवी मंडळी. ती उन्हाळाभर फळली. जानेवारीच्या ऐन उन्हात फळ जरा फिकं, पाणचट लागायचं. पण मार्चमध्ये दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला, फळ सावकाश पिकू लागलं, आणि एका सकाळी तिनं वाफ्यातच उभं राहून एक घट्ट, थंडगार फळ दातांखाली फोडलं. आणखी एक खाल्लं. मग बांधावर बसून पुरतं मूठभर.

"कसं आहे?" सिल्व्हियोनं विचारलं.

"वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे वाईट का?"

"वाईट म्हणाले का मी?" ती म्हणाली. "उगाच तोंडात शब्द घालू नकोस. टोपली आण."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं सासूपुढे वाडगा ठेवला. एर्सिलियानं त्यावर नेहमीसारखी थोडी लाल वाइन ओतली, नेहमीची साखर मात्र घेतली नाही.

हिवाळ्यात सिल्व्हियोनं सफरचंदाच्या जुन्या झाडांची एक रांग काढायचं ठरवलं. ती जागा नव्या वाफ्यांसाठी. ग्लेनिसला पूर्वेच्या उतारावरची रांग हवी होती, सकाळचं ऊन लवकर पडतं म्हणून; त्याचं म्हणणं तिथं ट्रॅक्टर वळत नाही. दोघं बुटांनी माती उकरत, हातवारे करत उतारावर बराच वेळ वाद घालत राहिले, आणि खिडकीतून एर्सिलिया दोघांनाही जेवायला हाका मारत होती.