मास्तरांचा खोकला

सामाजिक विषयांवर माहितीपट काढणाऱ्या बाईला पुण्यात फार मान असतो. तो मी तीस वर्षं निमूटपणे घेतला. हातमागाचा कुर्ता, खांद्याला शबनम आणि चेहऱ्यावर जगाची काळजी, एवढ्या भांडवलावर आमच्या धंद्यात जन्म निघतो. ज्या वर्षी ज्या रोगाला अनुदान, त्या वर्षी त्या रोगाबद्दल आम्हाला कळवळा. कुष्ठरोग झाला, हगवण झाली, मग गरोदर बायकांचा रक्तक्षय झाला. त्यांची सन्मानचिन्हं वारज्याच्या फ्लॅटमध्ये कपाटावर आहेत. आमच्या कामाच्या बाई ती पुसत नाहीत, आणि मीही त्यांना आग्रह करत नाही.

त्या वर्षी पाळी क्षयरोगाची होती. क्षय बरा होतो, हे लोकांना सांगायचं होतं. त्यासाठी बरा झालेला माणूस हवा, म्हणून हडपसरला एका बँडमधले क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर शोधून काढले. चाळिशीचे, किडकिडीत, बोलायला मऊ. औषधांचा कोर्स त्यांनी एकही दिवस न चुकवता पुरा केला होता. तपासणी स्वच्छ आल्याचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. पण बँडच्या मालकाने वाद्य काढून घेतलं होतं, ते मालकाचंच होतं. लग्नघरच्या लोकांना क्षयवाला पुढे उभा राहिलेला चालत नाही, आधी तू बरा झालास हे चारचौघांना कळू दे, मग घेतो, असं मालक म्हणाला होता. मास्तर कॅमेऱ्यासमोर आले ते एवढ्यासाठी. समाजाचं प्रबोधन वगैरे आमचं.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी मालकाच्या हातापाया पडून एका सकाळीपुरतं क्लॅरिनेट आणलं. घरापुढच्या फरशीवर उभे राहिले आणि सलग चार-पाच मिनिटं वाजवलं. चेहरा लाल झाला, पण दम कुठे तुटला नाही. त्यांची बायको दारात उभी होती. वाजवणं संपल्यावर ती आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली, जणू आम्हीच निकाल देणार होतो.

"छान," मी म्हणाले. "मास्तर, आता जरा खोका."

"आता न्हाई येत हो खोकला, म्याडम."

"आधी यायचा तसा. आजार दाखवल्याशिवाय बरं होणं कसं दाखवणार?"

ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी केलं. ध्वनिमुद्रक म्हणाला, यात जोर नाही. कॅमेरामन म्हणाला, छातीवर हात ठेवा, थोडं वाका. शेवटी मी स्वतः त्यांना खोकून दाखवलं. मला एवढी अक्कल होती, की खोकताना खांदे कसे हलले पाहिजेत हे मी क्षयातून उठलेल्या माणसाला शिकवू शकत होते. पाचव्या वेळी त्यांना खरंच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी "वा!" म्हणाले. तेव्हा त्यांची बायको आत निघून गेली. तिचा चेहरा टिपायचा राहिला, याची मला हळहळ वाटली.

पुढचं काम अनुदान देणाऱ्या संस्थेच्या समितीचं. एरंडवण्यातल्या कचेरीत चहा आणि खारी घेऊन पाच विद्वान बसले. त्यांतल्या एकानेही क्षयाचा रुग्ण हातभर अंतरावरून पाहिला नसावा. खोकला सर्वांना पसंत पडला. "अगदी अंगावर येतो हो," असं एक बाई म्हणाल्या. क्लॅरिनेट मात्र अडलं. "ते गाण्याबजावण्याचं वाटतं. मेसेज डायल्यूट होतो." शिवाय फिल्म बारा मिनिटांतच बसवायची होती आणि आरोग्य खात्याच्या साहेबांचं मनोगत घालायचंच होतं. वाजवणं काढून तिथे साहेब बसवले. मी भांडले नाही. दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्यावर मी व्याख्यानं देत असे, ती दुसरीकडे.

तयार फिल्म आम्ही हडपसरच्याच समाजमंदिरात मोठा टीव्ही लावून दाखवली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मालकाला त्यांनी स्वतः बोलावून शेजारी बसवलं होतं. पडद्यावर मास्तर खोकले, वाकले, पुन्हा खोकले. मागे मुलं त्यांची नक्कल करायला लागली. मग गोळ्यांचं पाकीट आलं, साहेब आले आणि शेवटी दोन क्षण मास्तरांचा हसरा चेहरा आला. तोवर मालक उठून गेला होता. मास्तर मान वळवून माझ्याकडे बघत होते, फिल्म अजून संपली नसेल अशा आशेने. मी दिवे लावायला सांगितले आणि भाषण केलं.

सात-आठ महिन्यांनी फिल्मला पारितोषिक मिळालं. ते देणाऱ्या संस्थेला व्यासपीठावर 'बरा झालेला रुग्ण' हवा होता, म्हणून मी बोलवायला गेले. मास्तर एका वरातीत सापडले. पुढे बँड चालला होता, क्लॅरिनेट दुसऱ्याच्या तोंडाला होतं, आणि मास्तर सगळ्यात मागे जनरेटरची गाडी ढकलत होते.

"मालक म्हनतो, लोकांनी टीव्हीत खोकताना बघितलंय. आता तुला पुढं कोन उभं करनार," त्यांनी सांगितलं. रागाने नाही, पाऊस लांबला म्हणावं तसं. मग गाडीचा दांडा एका हाताने धरून ठेवत म्हणाले, "म्याडम, मी वाजवल्याला तुकडा हाय ना तुमच्याकडं? तेवढा द्या. मालकाच्या घरी व्हीसीआर हाय. त्यानं डोळ्यानं बघितलं का घेतोय मला."

तो तुकडा नव्हता. टेप महाग असायच्या. फिल्म मंजूर झाली, की मूळ शूटिंगच्या टेप पुसून त्यांच्यावरच पुढच्या विषयाचं शूटिंग करायचं, ही आमची रीत होती, आणि काटकसरी म्हणून तिच्याबद्दल मी कौतुकही करून घेतलं होतं. मास्तरांच्या वाजवण्यावर एका शाळेतल्या मुली साबणाने हात धुत होत्या.

"शोधते," मी म्हणाले.

कोरी टेप घेऊन एक सकाळ पुन्हा गेले असते, तर काम झालं असतं. हे मला तेव्हाच, तिथे रस्त्यातच सुचलं होतं. पण मग पहिल्या टेपचं काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि गाडी ढकलणाऱ्या माणसापुढे मान खाली घालायची मला सवय नव्हती. मला माझीच किळस येते ती इथे. समितीतल्या पाच जणांना निदान काही माहीत तरी नव्हतं.

पारितोषिक मी घेतलं. मास्तर समारंभाला आले नाहीत, पण आमच्या कचेरीत त्यांचे फोन येऊ लागले. हडपसरच्या एका दुकानातून ते करायचे. पहिल्या वेळी मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगायला लावलं, दुसऱ्या वेळी दिल्लीला. तिसऱ्या वेळी फोन घेणाऱ्या आमच्या बाईंनी बोलणं ऐकून घेतलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"टेपचं काही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस मॅडम भेटत नाहीत, आजारी आहेत का, विचारतायत. तसं असेल तर त्यांचे दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, सोबत येतो म्हणतायत."

मी त्यांच्या समोरच्याच टेबलावर बसले होते. गावाला गेल्यात म्हणून सांगा, अशी मी हाताने खूण केली.